आधी दात, मग रंग

सकाळी ८

बाजार समितीकडे कांद्याचे ट्रॅक्टर निघतात, त्या सुमाराला मी दवाखान्याचं शटर वर करतो. लिलाव आटोपून हातात पट्टी पडली की मोसम खोऱ्यातली माणसं नामपुरातली अडलेली कामं उरकायला निघतात. दात हे त्यातलं बहुतेक शेवटचं काम. त्यामुळे आमची गर्दी लिलावाच्या वेळेवर ठरते.

आधी ऑटोक्लेव्ह लावायचा. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब. तो शिट्टी देईपर्यंत फ्रिज उघडून जेलच्या सिरिंज बघायच्या. दात पांढरे करायच्या औषधात मुख्य काम करतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ते मोठं नाजूक. ऊन आणि उजेड लागला की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. उन्हाळ्यात वीज गेली आणि सिरिंज बाहेर राहिल्या, तर रुग्णाच्या दातांवर महागडं पाणी लावल्यासारखं होतं. म्हणून मुदत संपल्याची तारीख आणि फ्रिजचं तापमान रोज बघतो.

फोनवर रात्रीतून फोटो येऊन पडलेले असतात. ओठ ओढून काढलेले दात आणि खाली एकच प्रश्न: “लग्नाच्या आत पांढरे होतील का?” लग्नसराईत असे फोटो वाढतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: या, बघून सांगतो. फोटोत रंग दिसतो, पण तो कशानं आला ते दिसत नाही.

सकाळी ९

पहिला आला तो पंचविशीतला मुलगा. रविवारी पाहुणे येणार आहेत. “डॉक्टर, व्हाइटनिंग करून टाका. कितला पैसा लागतीन?” खुर्चीत बसवून दिवा खाली ओढला. खालच्या दातांमागे कीट साचून दगड झालेलं, कडेला तपकिरी पट्टे. गुटखा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. दातांवर मात्र तो मला रोज भेटतो.

लिलावात व्यापारी कांदा हातात घेऊन वरची माती झटकतो आणि मग रंग बघतो. दातांचंही तसंच आहे. वरून बसलेला डाग वेगळा, आतून आलेला पिवळेपणा वेगळा. तंबाखू, चहा आणि कीट यांचे वरचे डाग स्केलिंग आणि पॉलिशिंगनं जातात. तिथे पेरॉक्साइडचं काम नाही, आणि कीटावर जेल लावणं म्हणजे औषध वाया घालवणं. अर्ध्या तासात त्याचे दात पुष्कळ उजळले. आरसा बघून तोच म्हणाला, “एवढ्यातच झालं की!”

पण मला त्याचं तोंड आणखी बघायचं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखव म्हटलं. जेमतेम दोन गेली. गालाचं आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ झालेलं. सुपारी-गुटख्यानं तोंड असं आवळत जातं, आणि हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. त्यानं मला विचारलं होतं, “त्या पांढरं करायच्या औषधानं कॅन्सर तर नाही ना होत?” जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हायड्रोजन पेरॉक्साइड अशा गटात ठेवलं आहे, ज्यात माणसाला कर्करोग होतो असं ठरवण्याइतका पुरावा नाही. त्याच संस्थेनं चघळायची तंबाखू आणि सुपारी मात्र कर्करोग नक्की करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहे. दोन्ही त्याला सांगितलं, आणि पुढच्या तपासणीसाठी नाशिकची चिठ्ठी दिली. पाहुणे रविवारी येऊ देत, पण नाशिक त्याआधी.

सकाळी १०.३०

मशेरी लावणाऱ्या मावशी. त्यांना रंगाशी घेणंदेणं नाही, गार पाण्यानं कळ येते ही तक्रार. सोबत आलेल्या सुनेला मात्र वाटतं की आईंचे दात पांढरे व्हावेत. हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडली आहेत. मुळावर एनॅमल नसतं. मूळ पेरॉक्साइडनं नीट उजळत नाही, पण दुखतं मात्र हमखास. तिथे जेल नको, मशेरी बंद आणि हिरड्यांवर उपचार. वय वाढतं तसं एनॅमल झिजतं आणि आतलं पिवळसर डेंटिन जास्त दिसू लागतं. साठीतल्या दातानं विशीतल्या दातासारखं दिसावं हा हट्ट कशाला?

सकाळी ११.३०

दिवसातला खरा व्हाइटनिंगचा रुग्ण आता आला. बागायतदार घरातली मुलगी, लग्न दीड महिन्यावर, आई बरोबर. दात किडलेले नाहीत, हिरड्या घट्ट, एक्स-रे स्वच्छ. दात मुळातच पिवळसर. रंगपट्टी दाताशेजारी धरली: ए-३. असं तोंड असलं की मी आनंदानं हो म्हणतो, कारण पेरॉक्साइड चालतं ते इथेच.

आईंना समजेल असं सांगितलं. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की एनॅमलमधून काही मिनिटांत आत उतरतो. डेंटिनमध्ये रंग धरून बसलेले मोठे रेणू असतात. त्यांचे तो तुकडे करतो, आणि लहान झालेले रेणू रंग दाखवत नाहीत. दात खरवडला जात नाही, वर काही लेप बसत नाही. सौम्य आणि आम्ल नसलेलं जेल सांगितल्याप्रमाणे वापरलं तर एनॅमलचं लक्षात येण्याजोगं नुकसान होत नाही.

मी देतो ते १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. त्यातून प्रत्यक्ष हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं साधारण साडेतीन टक्के, बाकी युरिया. आईंनी भुवया उंचावल्या, “आमच्या शेतातला?” रसायन तेच, पण हा औषधाच्या प्रतीचा. दोघी हसल्या. दातांचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा ओतला. त्यावरून पातळ प्लास्टिकचा ट्रे करायचा, हिरडीच्या कडेला बरोबर कापायचा. प्रत्येक दातापुढे तांदळाच्या दाण्याएवढं जेल, रात्री ट्रे घालून झोपायचं, साधारण दोन आठवडे. ही पद्धत अमेरिकेतल्या हेवूड आणि हायमन या दोन दंतवैद्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. इतक्या वर्षांत तिच्याइतकी तपासली गेलेली दुसरी पद्धत क्वचितच असेल.

त्रासही आधीच सांगून ठेवतो. पहिल्या काही दिवसांत गार-गरम लागलं की दात शिवशिवतील. जेल दाताच्या नसेपर्यंत पोचतं म्हणून हे होतं आणि बहुतेकांचं जेल थांबवल्यावर काही दिवसांत जातं. जास्त झालं तर एक रात्र सोडा, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लावा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला मी हे देत नाही. तिथे अपाय सिद्ध झालाय म्हणून नव्हे; घाई नसलेल्या कामासाठी धोका कशाला पत्करायचा, म्हणून.

दुपारी १

डबा उघडतो तोच यंत्र विकणारा प्रतिनिधी. निळा दिवा, खुर्चीला लावायचा, “एका बैठकीत आठ शेड!” नम्रपणे पाणी देतो आणि विचारतो, दिव्याशिवाय तेवढंच जेल लावलं तर किती शेड? पुष्कळ चाचण्यांत दिव्यामुळे टिकाऊ असा वेगळा फायदा दिसलेला नाही. शिवाय खुर्चीतल्या कामात तोंड तासभर उघडं आणि दात कोरडे राहतात. कोरडा दात पांढरा दिसतोच. एक-दोन दिवसांत पाणी परत शिरलं की त्यातला काही पांढरेपणा ओसरतो. “लगेच आधी, लगेच नंतर” असे दोन फोटो शेजारी लावले की गिऱ्हाईक भुलतं. खरा रंग आठवड्यानं मोजावा.

खुर्चीतली पद्धत खोटी नाही. २५ ते ४० टक्क्यांचं तीव्र पेरॉक्साइड, हिरड्यांवर संरक्षक थर, डॉक्टर समोर. वेळ कमी असलेल्याला ती उपयोगी पडते, पण शिवशिवणं जास्त, खर्च जास्त, आणि शेवटचा रंग घरच्या ट्रेपेक्षा फार पुढे जात नाही.

दुपारी ३

एक तरुणी तोंड झाकून आली. शहरातल्या एका पार्लरमध्ये ऑफर होती म्हणून दात करून घेतले. हिरड्यांची कडा पांढरीफटक, हात लावू देईना. तीव्र पेरॉक्साइड हिरडीला लागलं की ती अशी भाजते. सुदैवानं जखम वरवरची होती. अशी जखम काही दिवसांत भरते. खाली एक किडलेली दाढ होती, तिच्यातून औषध आत गेलं म्हणून रात्रभर ठणका. जेल लावण्याआधी कोणी तोंडात डोकावलंच नव्हतं.

आपल्याकडे दंतवैद्यक कोणी करावं हे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यापासून कायद्यानं ठरलेलं आहे. युरोपात २०११ च्या निर्देशानं याबाबत टक्केवारीच बांधून दिली: ०.१ टक्क्यापर्यंतची उत्पादनं खुलेपणानं विका. त्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त दंतवैद्याला विकायचं आणि पहिला वापर त्याच्याच देखरेखीखाली. अठरा वर्षांखालच्यांना नाहीच. धोका टक्केवारीत असतो आणि तपासणीशिवाय लावण्यातही असतो. त्या नियमात दोन्ही गोष्टी धरल्या आहेत.

दुपारी ४.३०

यवतमाळकडून बदली होऊन आलेल्या गुरुजींचा बारा वर्षांचा मुलगा. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि मधेच तपकिरी ठिपके. वर्गात चिडवतात. हा फ्लुओरोसिस. दात हिरडीच्या आत घडत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसला तर १.५ पर्यंत सोसतात.

गुरुजींना ब्लीचिंग हवं होतं. वय लहान, आणि पेरॉक्साइडनं बाजूचा दात उजळतो, तेव्हा सुरुवातीला पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसतात. पुढे लागलाच तर वरचा थर अगदी किंचित घासून काढायचा उपाय आहे. तोवर धाकट्या बहिणीच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करा म्हटलं. मोठ्याचे डाग घडून गेले, धाकटीचे टाळता येतील.

संध्याकाळी ६

मोटरसायकलवरून पडलेल्या एका भाऊंचा एकच पुढचा दात काळपट. नस मेलेली आहे. तिथे बाहेरून जेल लावून उपयोग नाही. रूट कॅनॉल करून, मुळाच्या तोंडाशी सिमेंटचं झाकण बसवून, आत सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरायचं आणि आठवड्यानं बदलायचं. १९६० च्या दशकापासून चालत आलेली ही पद्धत. पूर्वी ३० टक्के पेरॉक्साइड आत घालून गरम करत, त्यात काही दातांची मुळं बाहेरून झिजत गेली. तेव्हापासून उष्णता सोडली आणि झाकण सक्तीचं झालं. काम हळू होतं, पण दात राहतो.

रात्री ८

दोन आठवड्यांपूर्वी ट्रे नेलेली एक शिक्षिका तपासणीला आली. ए-३ चा ए-१ झाला, म्हणजे रंग उजळला. दोन रात्री दात शिवशिवले, मग थांबले. एक अडचण मात्र उरली. पुढच्या दातातलं जुनं सिमेंट आता पिवळं दिसतं. सिमेंट, कॅप, ब्रिज यांवर पेरॉक्साइडचा काही असर होत नाही, हे तिला आधीच सांगितलं होतं. ते बदलायचं, पण आज नाही. दातात उरलेला ऑक्सिजन नव्या सिमेंटची पकड बिघडवतो. म्हणून दोन आठवडे थांबायचं. हा रंग जन्मभराचा नाही हेही ठरलेलं. काही महिन्यांनी, कुणाचा वर्षा-दोन वर्षांनी, थोडा परततो.

रात्री ९

शटर ओढण्याआधी दिवसाची नोंद. ती करताना एक अभ्यास आठवतो. २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेनं घरी दात पांढरे करण्याच्या ७१ चाचण्या एकत्र तपासल्या. औषधानं रंग उजळतो असं त्यांना दिसलं, पण पुरावा कमी प्रतीचा आणि थोड्या काळाचा होता. दात शिवशिवणं आणि हिरड्या चुरचुरणं हे दोन त्रास ठळक, आणि टक्केवारी वाढली की तेही वाढतात. माझ्या खुर्चीवर जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. लिंबू-मीठ, खायचा सोडा, कोळशाची पूड दातांवर घासू नका. लिंबाच्या आम्लानं आणि पुडीच्या घासण्यानं झिजलेलं एनॅमल परत येत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर टक्केवारी छापलेली नसेल तर ते उघडू नका. लग्न ठरलं की हॉलच्या आधी नको, पण कपड्यांच्या खरेदीबरोबर एकदा दंतवैद्याकडे जाऊन या आणि आधी विचारा: माझे दात पिवळे कशानं आहेत? आमच्याकडे व्हाइटनिंगसाठी येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम साध्या स्केलिंगवर भागतं, आणि ते सरकारी दंत महाविद्यालयातही अगदी कमी पैशांत होतं.