दोरी, ताणकाटा आणि पद्मिनी

फियाटच्या जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये इंजिनाच्या कामांसोबत अवजारांचे नंबर दिलेले असतात. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायला अमुक नंबरचं अवजार, बेअरिंग ओढायला तमुक नंबरचं. ती अवजारं कंपनीच्या वर्कशॉपात भिंतीवर टांगलेली असत. गाडी घेणाऱ्याला मिळायचा जॅक आणि चार-दोन पाने. आता पद्मिनीचं उत्पादन थांबूनच पाव शतक झालं, त्यामुळे ते नंबर वाचण्यापुरतेच उरले. तरी छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एखाद्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये एमएच-२० पाटीची पद्मिनी बॉनेट उघडून उभी दिसते. तिच्या फेंडरवर गोधडी अंथरलेली असते आणि गोधडीवर मॅन्युअलमध्ये कुठेही न सापडणारी अवजारं.

घरी उघडता येईल असं हे इंजिन आहे, हे आधी सांगायला हवं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली, तीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. नावं बदलली तरी बॉनेटखाली तेच राहिलं: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, १०८९ सीसी. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून आठ पुशरॉड वर रॉकरपर्यंत. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

इथे शहराचाही हात लागतो. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, पाठोपाठ त्याला माल पुरवणारी शेकडो छोटी युनिटं आली, आणि घरोघरी फिटर, टर्नर, टूलमेकर तयार झाले. बजाजची स्कूटर मुळात इटलीच्या पियाजिओची, पद्मिनी इटलीच्याच फियाटची. दोन्हींचे नटबोल्ट मिलिमीटरमधले. अ‍ॅम्बॅसिडरवाल्याला इंची पाने शोधत फिरावं लागतं, पद्मिनीवाल्याची बरीचशी सोय स्कूटरच्या डिकीतल्या पान्यांवर होते. उरलेलं रविवारी जाफर गेटच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात मिळतं.

आता त्या गोधडीवरची अवजारं पाहू. पहिला मान दोरीचा. व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलायची तर हेड उतरवावं लागतं, कारण स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये खाली पडतो. हेड न उतरवता हे काम करण्याची युक्ती अशी: त्या सिलिंडरचा प्लग काढायचा, पिस्टन वर येऊ लागला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले की प्लगच्या भोकातून दोन-तीन हात दोरी आत सोडायची. टोक बाहेर ठेवायचं. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. पिस्टन दोरीचा गोळा वर दाबतो, गोळा व्हॉल्व्हला जागच्या जागी धरून ठेवतो. स्प्रिंग दाबायला जाड लोखंडी पट्टी घ्यायची, तिच्यात कानशीने खिडकी पाडायची आणि रॉकर शाफ्टच्या स्टडचा आधार घेऊन तरफेसारखी दाबायची. खिडकीतून व्हॉल्व्हचे दोन इवलेसे लॉक दिसतात, ते जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाने उचलायचे. दोरी सुती किंवा नायलॉनची गुळगुळीत हवी. सुतळी स्वस्त आणि हाताशी असते, पण तिचे तंतू आत राहतात आणि व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये जाऊन बसतात. या कलेत हाताशी असलेली वस्तू आणि योग्य वस्तू यांतला फरक ओळखणं, एवढंच खरं शिकण्यासारखं आहे.

जुना प्लगही टाकायचा नाही. त्याची चिनीमाती फोडून काढली की उरतं पोकळ, आटे असलेलं लोखंड. त्यात बोल्ट बसवून वेल्डिंग केलं की पिस्टन नेमका वर कधी येतो ते शोधण्याचं अवजार तयार. इंजिन एका बाजूने फिरवून बोल्टला टेकवायचं, पुलीवर खूण करायची. उलट फिरवून पुन्हा टेकवायचं, दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये टॉप डेड सेंटर. बोल्ट किती लांब आहे याने उत्तर बदलत नाही, कारण चूक दोन्हीकडे सारखीच होते आणि मध्य काढताना गळून पडते. घरगुती अवजारांत इतकं हुशार अवजार दुसरं नाही. सायकलचा स्पोक प्लगच्या भोकात घालून अंदाज घेणारे पुष्कळ, पण पिस्टन अगदी वर असताना तो बराच वेळ हललेलाच दिसत नाही.

इग्निशनचं टायमिंग बघायला टेल लाइटचा १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करून डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवायचा. पॉइंट जुळलेले असतील तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. तो पेटतो तीच ठिणगीची वेळ. फीलर गेजच्या बाबतीत मात्र लोक भलतेच उदार होतात. हॅकसॉ ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, ती प्लगच्या फटीला चालून जाते. पॉइंटची फट त्याहून बारीक, तिथे तेच ब्लेड घातलं तर टायमिंगही हलतं. पत्त्याचा कागद, व्हिजिटिंग कार्ड यांनी गाडी घरापर्यंत येते. घरी आल्यावर खरा गेज विकत घ्यावा, महाग नसतो.

मोजमापात जुगाड अजिबात चालत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि प्रत्येक नटावर जोर सारखा पाडायचा. टॉर्क रेंच नसेल तर धान्य तोलायचा ताणकाटा कामी येतो. पान्यात पाइप घालून नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर खूण करायची, तिथे काटा अडकवून काटकोनात ओढायचं. काटा १२ किलो दाखवेल तेव्हा नटावर ६ किलो-मीटर. काटा आधी पाच किलोच्या वजनाने तपासून घेतला की त्याची चूक किती हे कळलेलं असतं. ज्या अवजाराची चूक आकड्यात सांगता येते ते घरचं असलं तरी चालेल. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात मी नाकारत नाही, पण तो हात हजार हेडं आवळलेला असतो. आपला नसतो.

बाकीची कामं सोपी. वॉटर पंपाचं पॅकिंग हवं तर जाड कागद फ्लँजवर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकत जायचं, कागद आपोआप कापला जातो. पिस्टन रिंगा दाबायला दुधाच्या पावडरच्या डब्याचा पत्रा आणि होजची क्लिप. पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत जावेत म्हणून बुटाच्या खोक्यात आठ भोकं.

मे महिन्यात आणखी एक वस्तू लागते, ओलं फडकं. जालना रोडवर दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकलेली पद्मिनी बंद पडते, कारण इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं गुंडाळलं की काही मिनिटांत गाडी चालू. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, घरातला डेझर्ट कूलर चालतो तसंच. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती बरीच मंदावते.

क्रँक आणि बोअरपाशी पोर्च संपतो. क्रँकच्या जर्नलची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. ती ताणकाट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. याच शहरात, चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मुलं मायक्रॉनच्या हिशेबात डाय बनवायला शिकतात. घरी दोरी आणि बल्ब वापरणारा माणूस क्रँक गोणपाटात गुंडाळून ग्राइंडिंगवाल्याकडे नेतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

अलीकडे या कामाला सरकारी नियमाचीही एक बाजू आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४च्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. डिझेल इंजिन बसवून वर्षानुवर्षं स्वस्तात फिरवलेल्या गाड्यांना ही अट अवघड जाणार. इंजिनचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. त्यामुळे ज्याचा मूळ ब्लॉक शाबूत आहे त्याने बोअर झिजला म्हणून भंगारातून दुसरा ब्लॉक आणू नये. त्याच ब्लॉकमध्ये स्लीव्ह टाकून घ्यावी आणि ग्राइंडिंगवाल्याला नंबरच्या जागेवर पॉलिश मारू नको असं आधीच बजावून ठेवावं.