होतकरू आउटफिल्डरची पारख
अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल संघांना खेळाडू पुरवणाऱ्या मायनर लीगमधील तरुण आउटफिल्डरचे, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातील क्षेत्ररक्षकाचे, मूल्यमापन करताना निरीक्षक फलंदाजीतील सातत्य, फटक्याची ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक या पाच अंगांना २० ते ८० या मापावर गुण देतात व त्यात ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी मानतात. उजव्या हाताच्या फलंदाजाने ९० फुटांवरचा पहिला बेस सुमारे ४.३ सेकंदांत गाठला, तर त्याचा वेग सरासरी ठरतो. वेग त्याहून कमी असल्यास मधली जागा सोडून त्याला कडेला उभे राहावे लागते आणि मग फलंदाजीकडून अपेक्षा वाढतात. वयही निर्णायक असते: माइक ट्राउट २०११ मध्ये १९व्या वर्षी डबल-ए या वरच्या स्तरावर वयाने मोठ्या पिचरांना पुरून उरला आणि त्याच जुलैमध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले.