रवी हाती धरलेला कृष्ण

महाराष्ट्राच्या एका राजाने मध्वाचार्यांना वेठीला धरलं होतं, अशी कथा ‘सुमध्वविजय’ या संस्कृत चरित्रकाव्यात आहे. आचार्य शिष्यांसह उत्तरेच्या यात्रेला निघालेले. ईश्वरदेव नावाचा राजा तळं खणवून घेत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंनाही त्या कामाला जुंपत होता. ‘कसं खणायचं ते तुम्हीच दाखवा,’ असं आचार्य म्हणाले. राजा खणू लागला आणि त्याचा हात काही थांबेना. आचार्य पुढे निघून गेले. हा ईश्वरदेव म्हणजे देवगिरीचा महादेव यादव, असं अनेक अभ्यासक मानतात. काव्य लिहिणारे नारायण पंडिताचार्य हे आचार्यांच्या शिष्याचे, त्रिविक्रम पंडितांचे पुत्र. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतला स्वभाव ओळखीचा वाटतो. प्रतिपक्षाला त्याच्याच म्हणण्यात अडकवायचं, ही मध्वांची वाद घालण्याची रीत त्यांच्या ग्रंथांतही पानोपानी दिसते.

उडुपीजवळच्या पाजक गावी त्यांचा जन्म झाला. परंपरेत ११९९ हे सालही सांगतात. पण त्यांचे शिष्य नरहरितीर्थ यांचे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले शिलालेख आंध्रातल्या श्रीकूर्मम् इथे सापडले आणि १२३८ हे जन्मसाल अधिक पटण्याजोगं ठरलं. म्हणजे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती, तेव्हा तिकडे पश्चिम किनाऱ्यावर मध्वाचार्य हयात होते. एकाने अद्वैताच्या पायावर भक्ती उभी केली. दुसऱ्याने अद्वैत खोडून काढण्यात आयुष्य वेचलं.

मध्वांचं म्हणणं, म्हणजेच द्वैत दर्शन, थोडक्यात असं : जग खरं आहे आणि जगातला भेदही खरा आहे. ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड, असे पाच भेद. ते अज्ञानामुळे भासत नाहीत, म्हणून ज्ञान झाल्याने मावळतही नाहीत. मोक्षातसुद्धा जीव जीवच राहतो आणि हरी हरीच. एवढंच नव्हे, मुक्तांच्या आनंदातही पायऱ्या असतात. काही जीवांच्या वाट्याला तर कायमचा अंधारच, असंही हे दर्शन सांगतं. भारतीय विचारात इतकं कठोर विधान फारसं आढळत नाही, आणि ते गिळणं आजच्या वाचकाला जड जातं. मलाही जातं. पण गंमत अशी, की याच करकरीत तर्कातून पुढे दक्षिणेतलं अतिशय आर्जवी गाणं निघालं. ते का निघालं, याचं उत्तर मला त्या भेदातच दिसतं. हाक मारायला समोर दुसरा कुणी लागतो. देवाशी भांडायचं, त्याला टोमणे मारायचे, त्याच्याकडे हिशेब मागायचा, तर तो आपल्याहून वेगळा आणि खराखुरा असायला हवा. मध्वांनी ती जागा शास्त्राने पक्की केली.

मध्वांचे सदतीस ग्रंथ ‘सर्वमूल’ नावाने एकत्र ओळखले जातात. त्यांची शैली इतकी आटोपशीर, की टीकेवाचून अर्थ लागणं कठीण. ती टीका लिहिणारे जयतीर्थ हे संप्रदायाचे ‘टीकाचार्य’. रूढ परंपरेनुसार ते मंगळवेढ्याचे, मूळ नाव धोंडोपंत. घोड्यावर बसूनच हा तरुण वाकून नदीचं पाणी प्यायला, ते पाहून मध्वांचे शिष्य अक्षोभ्यतीर्थ यांनी त्याला हेरलं, अशी कथा सांगतात. त्यांची ‘न्यायसुधा’ आजही माध्व पाठशाळांतल्या अभ्यासाचं शिखर मानली जाते. चोखोबांच्या आणि दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याला आपण ओळखतो; ‘न्यायसुधे’च्या मंगळवेढ्याची आपल्याकडे आठवणही निघत नाही.

शास्त्र संस्कृतात राहिलं, गाणं कन्नडमध्ये आलं. पंधराव्या शतकात मुळबागलच्या श्रीपादराजांनी कन्नड पदांना मठात मान मिळवून दिला. त्यांच्याकडे शिकलेले व्यासतीर्थ विजयनगरात कृष्णदेवरायाच्या आदराचे धनी होते. ‘न्यायामृता’सारखा तर्कग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने कन्नड पदंही रचली, आणि पुरंदरदास व कनकदास दोघेही त्यांचेच शिष्य. पुरंदरदास आधी सावकार होते, मग सगळं सोडून तंबोरा घेऊन दारोदार फिरले. त्यांचं जन्मस्थान म्हणून आपल्याकडे पुरंदर किल्ला सांगितला जातो, कर्नाटकात तीर्थहळ्ळीजवळचं आरग. मराठी मनाला किल्ल्याचा मोह पडणारच; पण एवढं अस्सल कन्नड बोलणारा कवी तिकडच्या मातीतला असावा, याकडे माझा कल आहे. कर्नाटक संगीत शिकणारं मूल आजही मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरसांनी सुरुवात करतं, आणि ती बैठक पुरंदरदासांनी घालून दिली असं मानतात.

पदाच्या शेवटच्या ओळीतली त्यांची मुद्रिका ‘पुरंदर विठ्ठल’. श्रीपादराजांची ‘रंग विठ्ठल’, पुढे विजयदासांची ‘विजय विठ्ठल’, मानवीच्या जगन्नाथदासांची ‘जगन्नाथ विठ्ठल’. पंढरीचा देव असा दोन भाषांत आणि दोन दर्शनांत वाटला गेला. भांडणाचं ओझं त्या विटेवर कधी पडलं नाही. गदगचे भीमसेन जोशी अभंगवाणी आणि दासवाणी सारख्याच तळमळीने गायचे. दोन्ही ऐकणाऱ्या कुणी त्यांना द्वैत की अद्वैत असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

मध्वांनी उडुपीत जो कृष्ण बसवला, तो बाळकृष्ण आहे : एका हातात रवी, दुसऱ्या हातात दोर. द्वारकेहून आलेल्या गलबतातल्या गोपीचंदनाच्या ढेकळात ही मूर्ती मलपेच्या किनाऱ्यावर मिळाली, असं सांगतात. पूजेसाठी आठ संन्याशी नेमले, त्यांचे पुढे आठ मठ झाले : पलिमार, अदमार, कृष्णापूर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर, पेजावर. आधी पाळी दोन महिन्यांची होती. सोळाव्या शतकात सोदे मठाच्या वादिराजतीर्थांनी ती दोन वर्षांची केली. हाच ‘पर्याय’. तयारी सुमारे वर्षभर आधी सुरू होते. केळी लावण्याचा मुहूर्त, तांदळाचा मुहूर्त, लाकडाचा मुहूर्त, भाताचा मुहूर्त, असे चार. सरपणाची लाकडं रचून मध्वसरोवराजवळ चक्क रथ उभा करतात. दोन वर्षं हजारोंना जेवू घालायचं, तर मठाधिपतीला वेदान्ताइतकंच कोठीघर सांभाळता यावं लागतं. म्हणूनच सूत्रं सोपवताना अक्षयपात्र आणि पळी हाती देतात. २०२६ च्या जानेवारीत पाळी शिरूर मठाकडे आली.

आपल्याकडची माध्व घरं यातलं बरंच काही पाळत आली. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडच्या देशस्थ माध्वांत गोपीचंदनाच्या मुद्रा आणि आषाढी एकादशीची तप्तमुद्रा असते; गोव्यात काणकोणजवळचा पर्तगाळी मठ सारस्वतांच्या माध्व परंपरेचा, पलिमार मठाशी नातं सांगणारा.

आता कनकदास. ते कुरुब, म्हणजे धनगर समाजातले. उडुपीच्या देवळात प्रवेश मिळेना, तेव्हा मागच्या बाजूला उभं राहून गात राहिले. भिंत फाटली आणि कृष्ण त्यांच्याकडे वळला, ही कथा. मूर्तीचं तोंड पश्चिमेला आहे हे खरं, आणि भिंतीतल्या त्या झरोक्याला ‘कनकन किंडी’ म्हणतात. पर्याय स्वीकारणारे स्वामीही आत जाण्याआधी तिथूनच दर्शन घेतात. संप्रदायाने कनकदासांचं पद असं मानाने डोक्यावर घेतलं. जेवणाच्या पंगतीत मात्र ब्राह्मणांची पानं वेगळी मांडण्याची पद्धत उडुपीत चालत राहिली, आणि त्या पंक्तिभेदाविरुद्ध गेल्या दशकातही तिथे मोर्चे निघाले.