घरोघरी नवजात बालसेवा: गडचिरोलीचा प्रयोग

घरोघरी नवजात बालसेवा म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या घरी जाऊन, गावातल्याच प्रशिक्षित बाईने द्यायची आरोग्यसेवा. ती घडली गडचिरोली जिल्ह्यात, ‘सर्च’ या संस्थेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे काम सुरू केले. सेवा ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी विचारायचे, ही संस्थेची रीत. दवाखाना कसा हवा, असे विचारल्यावर तिथल्या आदिवासींनी सांगितले की मोठ्या इमारतींची भीती वाटते आणि नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. म्हणून शोधग्राम या संस्थेच्या आवारातला दवाखाना झोपड्यांचा झाला आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

हीच रीत उपकरणांतही दिसते. बालकाला न्यूमोनिया आहे का, हे श्वासांच्या वेगावरून ओळखता येते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण. पण बऱ्याच दाईंना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि वयोगटानुसार मण्यांच्या दोन ओळी असलेला श्वासमापक बनवला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दाईला आकडे शिकवत बसण्यापेक्षा साधनच तिच्या हिशेबाचे केले, आणि यातच या कामाचे खरे मर्म आहे.

नवजात बाळांचा प्रश्न अधिक अवघड होता. संस्थेच्या १९९५-९६ मधल्या पाहणीत ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली जेमतेम २.६ टक्क्यांना. मग ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडल्या गेल्या. दाईसोबत बाळंतपणाला हजर राहणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, आईला दूध पाजायला मदत करणे ही त्यांची कामे. जंतुदोषाची लक्षणे दिसली तर आईवडिलांच्या संमतीने त्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. डॉक्टर पंधरवड्याला गावात येऊन त्यांचे काम तपासत. जन्म-मृत्यूंच्या नोंदी ठेवणारे वेगळे आणि घरोघर फिरून त्या पडताळणारे वेगळे. ही कसोशी नसती तर पुढचे आकडे कोणी मानले नसते.

सुरुवातीला दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५ च्या आसपास आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता घट ६२ टक्के भरली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२०११ मध्ये भारत सरकारने ही सेवा ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली. दवाखान्यात प्रसूती झाली तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी; घरी झाली तर पहिल्या दिवसाची एक जास्त. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिले गेले नाही. आजारी बाळाला दवाखान्यात पाठवायचे, असे ठरले. रस्ता चालू असेल तिथे हे निभते. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडकडची गावे तुटतात, तेव्हा मूळ पद्धतीतल्या इंजेक्शनची उणीव फार जाणवते.