तीन रंगांच्या मनीची सव्वाशे वर्षं

विंचूरसारख्या कांद्याच्या गावात मांजराला कुणी हाकलून देत नाही. धान्याची पोती आली की उंदीर आले, आणि उंदरांमागोमाग मनी आलीच. अशा मांजरांमध्ये काळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या रंगांची कबरी दिसली, की ती मादीच, हे जाणत्या माणसाला शेपूट उचलून पाहावं लागत नाही. बोके काळे असतात, तांबडे असतात. काळा-तांबडा बोका सहसा सापडत नाही. या साध्या निरीक्षणाचं पुरतं उत्तर मिळायला मात्र २०२५ साल उजाडावं लागलं.

सुरुवात १९०४ची. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि केंब्रिजचा लिओनार्ड डॉनकास्टर मांजरांच्या रंगांचा हिशेब मांडत होता. काळ्या आणि तांबड्या मांजरांची पिल्लं रंगाच्या बाबतीत नर-मादी भेद पाळतात, हे त्याने दाखवलं. पुढे उलगडलं ते असं : तांबडा रंग देणारं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं आहे. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून त्याचा रंग काळा किंवा तांबडा. मनीकडे दोन, म्हणून तिच्यात दोन्ही रंग नांदू शकतात.

पण दोन्ही रंग मिसळून एकच करडा-तपकिरी रंग का होत नाही? ठिगळं का पडतात? मला या सगळ्या मागोव्यातला सर्वांत सुंदर टप्पा हाच वाटतो. १९४९मध्ये कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवर्ट बर्ट्रम यांना मांजरींच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला; बोक्यांच्या पेशींत तो नव्हता. १९६१मध्ये ब्रिटनच्या मेरी लायन यांनी उंदरांवरच्या कामातून त्याचा अर्थ लावला : मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गर्भावस्थेतच मिटून जातो. कोणता, हे त्या त्या पेशीत दैवावर. त्या पेशीची सगळी संतती तोच निर्णय पुढे चालवते आणि त्वचेवर काळी-तांबडी ठिगळं उमटतात. कबरी मांजर याचा उघडा पुरावा आहे, हे लायन यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पांढरा भाग येतो तो निराळ्या जनुकामुळे. तिथे रंगपेशी पोचतच नाहीत. क्वचित एखादा बोका तीन रंगांचा निघतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा एक एक्स जादा असतो.

२००१च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये ‘रेनबो’ नावाच्या तीनरंगी मांजरीपासून क्लोन केलेली ‘सीसी’ जन्मली. तिच्या अंगावर तांबड्याचा मागमूस नव्हता. जनुकं तीच, पण ज्या पेशीपासून ती घडली, तिच्यातला तांबडा एक्स मिटलेला होता.

कबरी उन्हात पसरली असेल तर जवळून बघा. तांबड्या ठिगळात पुसट पट्टे दिसतात, शेजारच्या काळ्यात ते बहुतेकदा दिसत नाहीत. पट्ट्यांचा आराखडा अंगभर असतो; काळा रंग तो झाकतो, तांबडा झाकू शकत नाही. हा आराखडा केसांत रंग येण्याच्या पुष्कळ आधी, गर्भाच्या त्वचेत आखला जातो, हे अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर केलिन आणि ग्रेगरी बार्श यांच्या गटाने २०२१मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांनी वापरले ते भटक्या मांजरींच्या नसबंदीत एरवी टाकून दिले जाणारे गर्भ. कोणत्याही महागड्या जातीपेक्षा रस्त्यावरच्या मांजरांनीच या शास्त्राला अधिक दिलं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि मग २०२५. केलिन-बार्श यांचा गट आणि जपानच्या क्यूशू विद्यापीठातले हिरोयुकी सासाकी यांचा गट, दोघेही स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले. एक्स गुणसूत्रावरचा डीएनएचा पाच हजारांहून अधिक अक्षरांचा एक तुकडा तांबड्या मांजरांत गळालेला असतो. त्यामुळे तिथलं जनुक रंगपेशींत नको तिथे जागं होतं आणि काळ्याऐवजी तांबडा रंग तयार होतो. सासाकींच्या कामाला मांजरप्रेमी सामान्य माणसांनी वर्गणी दिली होती.

आता तुमच्या पडवीत किंवा कांदाचाळीत मनी व्याली, तर पिल्लांचे रंग आणि नर-मादी वहीत टिपून ठेवा. आई पूर्ण तांबडी असेल, तर पांढरा भाग सोडून तिचे सगळे बोके तांबडेच निघतील, बाप कोणत्याही रंगाचा असो. आणि काळ्या बोक्यापासून झालेल्या तिच्या मुली काळ्या-तांबड्या.