बालवाडीतील अक्षरपरिचय : ‘ग’ या अक्षराचा एक पाठ

कोणत्याही कार्याच्या आरंभास मराठीत ‘श्रीगणेशा’ म्हणतात. मुलाच्या हाती प्रथम पाटी देण्याचा जुना संस्कार या शब्दात जतन झालेला आहे. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत असे. ते पुसले की पुन्हा गिरवावयाचे, असा क्रम चाले. या पद्धतीत हात व डोळा यांना एकत्र काम होते, हा तिचा गुण. परंतु अक्षराचा ध्वनी मुलाच्या बोलण्यातील शब्दांशी जोडलेला नसे, हे तिचे न्यून होय. अडीच ते चार वर्षांच्या मुलांना अक्षराची ओळख खेळातून करून देताना हा गुण राखावा व ते न्यून टाळावे, हे कसे साधेल याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी ‘ग’ हे अक्षर व पुण्यातील कसबा पेठ हा परिसर घेतला आहे.

प्रथम अक्षराची निवड पाहू. वर्णमालेतील व्यंजनांचा आरंभ ‘क’ने होतो, तथापि मराठी लेखनशिक्षणात ‘ग म भ न’ असा दुसरा एक क्रम रूढ आहे. त्याचा आधार आकारसाम्य हा आहे. या चारही अक्षरांत उजवीकडे उभा दंड असून डावीकडचा भाग तेवढा बदलतो. ‘ग’मध्ये हा डावा भाग दंडापासून सुटा राहतो. त्यामुळे एक बाक, एक दंड व वर शिरोरेषा असे अक्षराचे तीन अवयव मुलास वेगवेगळे दाखविता येतात. कसबा पेठेत या निवडीस आणखी एक कारण आहे. पुण्याचे ग्रामदैवत असलेला कसबा गणपती याच पेठेत आहे आणि ‘गणपती’ हा शब्द येथील लहान मुलाच्याही कानावरून नित्य जातो.

येथे एक धोका संभवतो. ‘ग गणपतीचा’ हे वाक्य मुले पुष्कळदा चित्र पाहून म्हणतात. चित्र झाकले असता तेच अक्षर त्यांना ओळखू येत नाही, असा अनुभव येतो. अशा वेळी मुलाने अक्षर ओळखलेले नसते, चित्र ओळखलेले असते. यास्तव एका अक्षरास एकच चित्र कायमचे जोडू नये. शिवाय एकाच बालवाडीत निरनिराळ्या घरांतील मुले येतात. सर्वांच्या परिचयाचे गहू, गवत, गडू हे शब्द ‘गणपती’च्या जोडीस असावेत.

शब्दांच्या निवडीत लिपीचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. देवनागरीतील ‘ग’ हे चिन्ह केवळ व्यंजनाचे नव्हे. त्यात ‘अ’ हा स्वर अंतर्भूत आहे. म्हणून गडू, गवत, गहू यांतील आरंभीचा उच्चार चिन्हाशी तंतोतंत जुळतो. गाडी, गूळ, गोणी यांत मात्र तेच चिन्ह काना, उकार, ओकार यांसह येते. ऐकण्याच्या खेळात दोन्ही प्रकारचे शब्द चालतील. पण ज्या वस्तूवर अक्षराची चिठ्ठी लावावयाची ती पहिल्या प्रकारची असावी.

आता खेळाची योजना पाहू. कसबा पेठेतील तांबट आळी, कुंभारवाडा व बुरूड आळी या नावांतच तेथील व्यवसाय सांगितले आहेत. तांब्यापितळेचा गडू, मातीचे गाडगे आणि ही दोन्ही ठेवावयास बुरडाने विणलेली टोपली एवढे साहित्य पाठास पुरेसे आहे. टोपलीत गडू, गाडगे, गाजर व गवताची पेंढी ठेवावी. त्यांत चमच्यासारखी एखादी निराळ्या ध्वनीची वस्तूही असावी. मुलाने वस्तू काढावी, तिचे नाव घ्यावे व ‘ग’च्या घरात ती जाईल की नाही, हे ठरवावे. गोटीसारखी तोंडात जाणारी बारीक वस्तू मात्र टोपलीत ठेवू नये. पुढच्या दिवशी गुळाचा खडा चाखणे, गहू एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे व तांबट आळीतील ठोक्यांच्या लयीत गडूवर टिचक्या मारून ‘ग, ग’ म्हणणे, असे खेळ घ्यावेत. आकाराचा परिचय याच्या नंतरचा. परातीत रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवावे, शाडूच्या वळ्या करून बाक व दंड जुळवावेत.

या क्रमाला पूर्वाधार आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरविली जात व त्याच वेळी ध्वनी उच्चारला जाई. १९३९ साली त्या भारतात आल्या. तत्पूर्वीच, १९२६ साली, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नाने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे परदेशी धर्तीच्या महागड्या साधनांऐवजी परिसरातील माती, बिया, पाने व टोपल्या वापरल्या. गडू व गाडगे ही त्याच विचाराची शहरी रूपे होत.

उच्चाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या वयाची अनेक मुले ‘गाडी’स ‘दाडी’ व ‘गणपती’स ‘दनपती’ म्हणतात. जिभेचा मागील भाग टाळूस लावण्याऐवजी ती शेंडा दातांकडे नेतात. परंतु याचा अर्थ त्यांना भेद ऐकू येत नाही, असा नव्हे. जीन बर्को व रॉजर ब्राऊन यांनी १९६० साली एका इंग्रजी मुलाचे उदाहरण नोंदविले. ते स्वतः एका शब्दाचा उच्चार चुकीचा करी. पण मोठ्यांनी तोच चुकीचा उच्चार केला की नाकारी. आपल्याकडेही ‘ही तुझी दाडी का?’ असे विचारले असता ‘दाडी’ म्हणणारे मूल रागाने मान हलविताना दिसते. तेव्हा त्याला चारचौघांत दहा वेळा ‘ग म्हण’ असे बजावणे निरर्थक, किंबहुना अपायकारक आहे. जीभ वळेपर्यंत ते मूल ‘ग’च नव्हे, तर इतर शब्द बोलण्यासही कचरू लागते. शिक्षिकेने ‘होय, गाडी’ असे शुद्ध रूप सहज उच्चारून पुढे जावे. मुलाने योग्य वस्तू टोपलीतून उचलली, तर त्यास ध्वनी कळला असे समजावे.

हाताच्या बाबतीतही हीच सबुरी हवी. दोन वर्षांचे मूल उभी रेघ पाहून ओढू लागते, वर्तुळ सुमारे तिसऱ्या वर्षी जमते आणि एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेघा सामान्यतः चौथ्या वर्षाच्या सुमारास. ‘ग’ पेन्सिलीने लिहिणे हे या सर्वांनंतरचे काम होय. शाळाप्रवेशाच्या चिंतेने पालक तीन वर्षांच्या मुलाच्या वहीची पाने मागतात, ही गोष्ट शिक्षिकांच्या नित्य अनुभवाची आहे. त्यांस टोपलीचा खेळ प्रत्यक्ष दाखवावा. मूल काय शिकत आहे हे त्यांना वहीपेक्षा त्यात अधिक स्पष्ट दिसेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, हेही त्यांस सांगावे.

आठवड्याच्या शेवटी शिक्षिकेने प्रत्येक मुलाविषयी तीनच गोष्टी नोंदवाव्यात : चित्र नसताना अक्षर ओळखते काय, न सांगितलेला एखादा ‘ग’चा शब्द आपण होऊन आणते काय, आणि खेळ संपल्यावर पुन्हा टोपलीकडे येते काय. पहिल्या दोहोंचे उत्तर आज नकारार्थी आले तरी तिसरे होकारार्थी असेल, तर पाठ पुढे चालू ठेवण्यास तेवढा आधार पुरेसा आहे.