लशीचे अनुपान

सरकारी कामाचे मोजमाप बहुधा खर्चाने होते, फळाने होत नाही. शाळा किती बांधल्या हे झटकन सांगता येते. मुले किती शिकली हे सांगताना मात्र जीभ अडखळते. लसीकरणाचीही हीच गत आहे. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावात किती बालकांना सुई टोचली, कितींच्या तोंडात थेंब पडले, याची नोंद ठेवता येते. परंतु त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती खरोखर किती निर्माण झाली, हे त्या नोंदीवरून कळत नाही. दिलेली लस आणि लाभलेले संरक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांच्यातील अंतर कमी करणारे संशोधन ही गरीब देशाची चैन नसून खरी काटकसर आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

हे अंतर किती मोठे असू शकते, ते पोलिओने आपल्याला दाखवून दिले. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये वारंवार डोस घेतलेली मुलेही पंगू होत होती. तिन्ही प्रकारच्या विषाणूंची एकत्रित लस उत्तर प्रदेशात पहिल्या प्रकाराविरुद्ध एका मात्रेमागे अवघे 9 टक्क्यांच्या आसपास संरक्षण देते, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दाट वस्ती, वारंवार होणारा अतिसार आणि आतड्यातील इतर जंतूंची गर्दी ही त्याची कारणे सांगितली गेली. शिवाय लशीतील दुसऱ्या प्रकारचा विषाणू उरलेल्या दोघांना आतड्यात जागाच मिळू देत नसे. म्हणून 2005 पासून एकाच प्रकारची आणि 2010 पासून दोन प्रकारांची लस वापरात आली. असंख्य स्वयंसेवकांच्या पायपिटीला या शोधाची जोड मिळाली. जानेवारी 2011 मध्ये नैसर्गिक पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. नुसते डोस वाढवून जे साधत नव्हते, ते लशीची घडण बदलल्याने साधले.

लशीचा प्रभाव वाढविण्याचा दुसरा मार्ग अधिक जुना आहे. 1920 नंतरच्या दशकात फ्रान्समधील गास्ताँ रामाँ यांच्या ध्यानात आले की, टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक सापडते. मग त्यांनी लशीत टॅपिओका, म्हणजे ज्याचा आपण उपवासाला साबुदाणा करतो ते पीठ, मिसळून पाहिले. 1926 साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीला तुरटीची जोड दिली. गढूळ पाणी निवळणाऱ्या तुरटीची भावंडे असलेले ॲल्युमिनियमचे क्षार आजही अनेक लशींत असतात. शास्त्रज्ञ अशा द्रव्याला ‘ॲडज्युव्हंट’ म्हणतात. आपल्या वैद्यांचा शब्द वापरायचा तर हे लशीचे अनुपान. स्वतः ते रोगाविरुद्ध लढत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना जागे करते. ते असे का घडते, हे उमगायला पुढे कित्येक दशके गेली.

या विद्येचा एक धागा आज महाराष्ट्रात येऊन पोचला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात घडलेली मलेरियाची ‘आर 21’ ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिच्यासोबतचे अनुपान चिलीतील एका वृक्षाच्या सालीतून काढलेल्या सॅपोनिनपासून बनते. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. मात्र त्या अनुपानाचे तंत्र नोव्हाव्हॅक्स या अमेरिकी कंपनीचे आहे. ज्या मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्या प्रांताने केवळ उत्पादनावर समाधान मानावे काय?

आधी आहे ती लस घरोघर पोचू द्या, संशोधनाचे मग पाहू, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. पण हिशेब वेगळा निघतो. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकराला घेऊन केंद्रावर जाणाऱ्या मजूर मायमाउलीचा रोज बुडतो. तीन मात्रांचे काम दोहोंत झाले, तर वाचणारा रोज कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. पण तो तिच्या चुलीपाशी दिसतो. आणि लस घेऊनही मूल आजारी पडले, तर औषधपाण्याच्या खर्चाबरोबर त्या माउलीचा लशीवरचा विश्वासही जातो. तो पुन्हा कमावणे सर्वांत महाग.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. लसीकरणानंतर निवडक गावांतून रक्ताचे नमुने तपासून संरक्षणाचे प्रमाण नियमितपणे जाहीर व्हावे आणि अनुपानाच्या संशोधनासाठी सार्वजनिक संस्थांना स्थिर निधी मिळावा. याखेरीज स्वच्छ पाणी आणि पोटभर सकस अन्न ही अनुपाने कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहत नाहीत. ती पुरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.